निवृत्तीची पुंजी आणि खडकवासल्याचं पाणी

दर दोन-तीन महिन्यांनी एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. 'ईपीएस-९५ पेन्शनधारकांसाठी आनंदाची बातमी, किमान पेन्शन साडेसात हजार!' पिंपरी-चिंचवडच्या ग्रुपांवर त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मग कुणीतरी विचारतं, 'कुठल्या महिन्यापासून?' आणि ग्रुप गप्प होतो. ईपीएस-९५ म्हणजे खासगी नोकरदारांच्या पीएफला जोडलेली पेन्शन योजना. हा लेख लिहीपर्यंत तरी तिची किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपयेच आहे. २०१४ पासून ती हललेली नाही. साडेसात हजार ही पेन्शनधारकांची मागणी आहे, सरकारचा निर्णय नाही.

आठव्या वेतन आयोगाच्या बातम्या, जुन्या पेन्शनसाठीचे संप, केंद्राची नवी युनिफाइड पेन्शन योजना, सगळं एकाच वेळी कानावर पडतं आणि साठीला टेकलेल्या माणसाला एवढंच कळेनासं होतं की यातलं आपल्याला काय लागू आहे. म्हणून आधी तेवढं पाहू आणि मग खऱ्या प्रश्नाकडे वळू. पेन्शन किती मिळणार हा खरा प्रश्न नाहीच. हातात आलेले पैसे किती वर्षं पुरवायचे आहेत, हा आहे.

## एकाच जिन्यातले दोन निवृत्त

चिंचवडच्या एखाद्या सोसायटीत समोरासमोरच्या दारांत दोन निवृत्त राहतात असं समजा. एक खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून, एक आकुर्डीच्या खासगी कंपनीतून. नोकरीची वर्षं सारखी, दोघांचीही मुलगी एकाच वर्षी दहावीला होती. पण निवृत्तीनंतरचं अर्थकारण इतकं वेगळं की एकाचा सल्ला दुसऱ्याला बहुधा चुकीचाच ठरतो.

खडकीवाले १ जानेवारी २००४ च्या आधी केंद्र सरकारच्या नोकरीत लागले. त्यांना जुनी पेन्शन, म्हणजे साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. महागाई वाढली की वर्षातून दोनदा तिच्यावरचा महागाई भत्ताही वाढतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी हीच रेघ १ नोव्हेंबर २००५ ला ओढली आहे. त्यानंतर लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे स्वतःच्या आणि सरकारच्या वर्गणीतून जमणारा, बाजारावर अवलंबून असलेला फंड. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने युनिफाइड पेन्शनचा पर्याय दिला. तिच्यात २५ वर्षं नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शनची हमी आहे.

आकुर्डीवाल्यांचं वेगळं. मालक पीएफसाठी १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के ईपीएस या पेन्शन फंडात जातात. मात्र पगार कितीही असो, हिशेब १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शन काढायचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. किमान दहा वर्षं नोकरी हवी आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. माणूस १५,००० ला ३० ने गुणतो, ७० ने भागतो, सव्वासहा-साडेसहा हजार काढून ठेवतो. हातात पडतात चार-साडेचार. कारण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला १५,००० ची नाही, ६,५०० ची जुनी मर्यादा लागते. समजा १९ वर्षं त्याआधीची आणि ११ नंतरची. १९ गुणिले ६,५००, अधिक ११ गुणिले १५,०००, भागिले ७०: उत्तर ४,१२१ रुपये. वीस वर्षं पूर्ण केली म्हणून मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली तरी साडेचार हजारांच्या आसपास. आणि ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. (मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर मोजली जाणारी 'उच्च पेन्शन' मागणाऱ्यांची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी अर्ज केले, त्यांनी आपला हिशेब पीएफ कार्यालयाच्या पत्रावरूनच मांडावा, ग्रुपवरच्या तक्त्यावरून नाही.)

खडकीवाल्यांना दरमहा पाणी येणारा नळ आहे. आकुर्डीवाल्यांना एकदाच भरलेलं धरण मिळालंय. यापुढचा लेख मुख्यतः या दुसऱ्यांसाठी आहे.

## धरण भरलं, आता पुढे?

पुण्याला पाण्याचं गणित वेगळं शिकवायला नको. पाऊस चार महिने, पिणं बारा महिने. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). सप्टेंबरात धरणं काठोकाठ भरली, मुठेला पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, की सगळ्यांना वाटतं आता काय चिंता. पण पाटबंधारे खात्यातला माणूस तेव्हाच कागद घेऊन बसतो: पुढच्या जुलैपर्यंत पुरवायचंय, शेतीला आवर्तनं किती, शहराला किती, बाष्पीभवनात किती जाईल.

निवृत्तीच्या दिवशी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे एकदम येतात. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्याचे २६ भाग करून त्यातले १५, गुणिले नोकरीची वर्षं. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. सगळं मिळून समजा ६० लाख झाले. आयुष्यात एवढा आकडा पासबुकात कधी पाहिलेला नसतो. साहजिकच तो संपत्ती वाटतो. प्रत्यक्षात तो पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा पगार आहे, एकाच दिवशी हातात दिलेला. आणि धरणापेक्षा इथे एक गोष्ट वाईट आहे. पुढच्या जूनमध्ये पाऊस नाही.

किती वर्षं पुरवायचं? भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगतो. सरासरीवर थांबू नका, कारण बरेच जण तिच्या पुढे जातात. कोथरूडच्या कुठल्याही बागेत सकाळी साडेसहाला जाऊन पाहा, नव्वदीतले लोक पुढच्या बाकावरच्या ऐंशीच्या माणसाला 'तुम्ही अजून तरुण आहात' म्हणून चिडवत असतात. तेव्हा हिशेब नव्वदपर्यंतचा करावा.

## 'व्याजातच भागतंय की!'

हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक गैरसमज. त्याचा हिशेब असा असतो. घरखर्च ४५,००० रुपये. पेन्शन साडेचार हजार. म्हणजे महिन्याला सुमारे ४०,००० कमी पडतात, वर्षाला चार लाख ऐंशी हजार. ६० लाखांवर ८ टक्के व्याज धरलं तर तेही बरोबर चार लाख ऐंशी हजार. मुद्दलाला हात नाही, महिना निघतोय, वर फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या कपाटात सुरक्षित. माणूस निर्धास्त झोपतो.

पहिल्या वर्षी हे खरं आहे. बाराव्या वर्षी नाही. एक सोपी युक्ती लक्षात ठेवा: ७२ ला महागाईच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट. ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत. साठाव्या वर्षी ४५,००० लागत होते, बहात्तराव्या वर्षी त्याच दूध-भाजी-औषधांना ९०,००० लागतील, चौऱ्याऐंशीव्या वर्षी १ लाख ८० हजार. व्याज मात्र तेच ४०,०००. मग माणूस मुद्दलातून काढू लागतो, मुद्दल घटलं की व्याजही घटतं, आणि उतार वाढत जातो. वरच्याच आकड्यांनी दरवर्षी महागाईइतकी जास्त रक्कम काढत गेलं तर धरण साधारण पंधराव्या वर्षी कोरडं पडतं. म्हणजे पंच्याहत्तराव्या वर्षी. नेमकं जेव्हा कुणी कामावर ठेवणार नाही तेव्हा.

यावर कुणी म्हणेल, महागाई हल्ली ६ टक्के कुठे आहे? खरंय, सरकारी आकडा अलीकडे बराच खाली आला होता. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच ४ टक्के आहे, दोन टक्के वर-खाली. ४ टक्के धरून हिशेब केला तर वरचे ६० लाख अठरा वर्षं पुरतात. तीन वर्षं वाढली, प्रश्न सुटला नाही. शिवाय सरकारी आकडा सगळ्या देशाच्या खरेदीचा असतो. म्हाताऱ्या जोडप्याच्या खर्चात औषधं, तपासण्या, घरकामाची बाई, पुढे रात्रीची मदतनीस यांचा वाटा मोठा. पुण्यात या गोष्टी कुठल्या दराने वाढतात ते घरोघरी माहीत आहे. मी तरी सहानेच हिशेब मांडीन.

## एकच धरण नको

पुण्याला पाणी खडकवासल्यातून येतं, पण खडकवासला स्वतः लहान आहे, जेमतेम दोन टीएमसीचा. तो भरलेला राहतो कारण वर पानशेत आणि वरसगाव आहेत. वरचं पाणी गरजेप्रमाणे खाली सोडतात. पैशांचीही रचना अशीच हवी.

खडकवासला म्हणजे लगेच लागणारे पैसे. बचत खातं, वर्ष-दोन वर्षांच्या मुदत ठेवी. वरच्या उदाहरणात यात १० लाख ठेवू.

पानशेत म्हणजे सुरक्षित आणि नियमित उत्पन्न. इथे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला सध्या तोड नाही. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, साठी पूर्ण हवी. ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांनाही उघडता येतं, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. एका व्यक्तीला ३० लाखांची मर्यादा, मुदत पाच वर्षं, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. दर सध्या ८.२ टक्के. नव्या खात्यांसाठी सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, पण तुमचं खातं ज्या दराने उघडलं तोच पाच वर्षं राहतो. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पेन्शन मिळवली की पंचवीस हजार झाले. उरलेले वीस हजार खडकवासल्यातून. तिथले १० लाख अशा रीतीने चार वर्षांहून जास्त पुरतात.

वरसगाव म्हणजे सत्तरीनंतर लागणारं पाणी. आज त्याला हात लावायचा नाही, त्यामुळे त्याने महागाईला मागे टाकलं पाहिजे. यात १५ लाख, शेअर बाजारातल्या फंडांत. उरलेले ५ लाख फक्त आजारपणासाठी वेगळे.

अनेकांना ॲन्युइटी विकली जाते. म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि तिने मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. मनाला शांतता देणारी गोष्ट आहे, पण आज ठरलेला आकडा पंचवीस वर्षांनीही साधारणपणे तोच राहतो, आणि महागाईने होणाऱ्या बाष्पीभवनाचं गणित आपण आत्ताच केलं. अगदी घ्यायचीच तर पती-पत्नी दोघांच्याही आयुष्यभर चालेल असा पर्याय घ्या आणि सगळी पुंजी त्यात ओतू नका.

कराची धास्ती मात्र बऱ्याच जणांनी उगाच घेतलेली असते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो (शेअर, फंड विकून झालेला नफा यात धरत नाहीत). वर्षाला पाच-सहा लाख व्याज मिळवणाऱ्याने कर वाचवण्यासाठी म्हणून काहीही विकत घ्यायची गरज नाही. बँकेतल्या ओळखीच्या मुलाने कर वाचवणारी पॉलिसी पुढे केली तर चहा पाजून परत पाठवावं.

## 'या वयात शेअर बाजार?'

आक्षेप रास्त आहे. २० जानेवारी ते २४ मार्च २०२० या दोन महिन्यांत सेन्सेक्स सुमारे ३९ टक्के कोसळला. त्या एप्रिलात ज्याला दवाखान्यासाठी पैसे हवे होते आणि ज्याची सगळी पुंजी बाजारात होती, त्याला मोठा तोटा सोसून विकावं लागलं असेल. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्देशांक जुन्या उंचीवर परत आला. २००८ ला कोसळला तेव्हा सावरायला जवळजवळ तीन वर्षं गेली. ज्याला मध्ये विकावं लागलं नाही, त्याचं नुकसान कागदावरच राहिलं.

खडकवासला आणि पानशेत आधी भरायचे ते याचसाठी. खाली चार-पाच वर्षांचं पाणी असेल तर वरसगावात काय चाललंय ते रोज पाहावं लागत नाही. पुंजीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको, तोही थेट शेअर निवडून नव्हे तर साध्या इंडेक्स (निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या) किंवा हायब्रिड (शेअर आणि रोखे मिळून असलेल्या) फंडात, आणि एकदम नव्हे, वर्ष-दीड वर्षात थोडा थोडा. हमी नाही, हे मान्यच. पण महागाईच्या समोर फक्त मुदत ठेवी घेऊन उभं राहण्यातही धोका आहे. तो हळूहळू येतो म्हणून दिसत नाही, इतकंच. आणि 'टिप' देणारे, 'फ्युचर-ऑप्शन शिकवतो' म्हणणारे, टेलिग्रामवरचे गुरू यांच्यासाठी तर दार बंदच.

## टेमघरची गळती

टेमघरची गळती पुणेकरांना ठाऊक आहे. ती आटोक्यात आणायला कित्येक वर्षं भिंतीत सिमेंट भरावं लागलं. निवृत्तीच्या पुंजीलाही गळती लागते आणि ती बहुधा पहिल्या वर्षातच लागते, कारण पैसे आल्याची बातमी गावभर होते.

पहिली गळती जास्त व्याजाची. पतसंस्था ११-१२ टक्के देते आणि संचालक आपल्याच गावचे असतात. पण बँकेतल्या ठेवींना असलेलं पाच लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. सहकारी बँकांना ते आहे, पण प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखच. रुपी बँकेचा पुण्याने घेतलेला अनुभव ताजा आहे: २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, २०२२ मध्ये परवाना रद्द, आणि मधली नऊ वर्षं स्वतःच्याच पैशांसाठी खेपा घालणारे म्हातारे. तेव्हा बँक कितीही आपुलकीची असो, एका सहकारी बँकेत पाच लाखांच्या आत राहावं.

दुसरी गळती फोनवरून. 'पोलिस बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका.' भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर कळवायचं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

तिसरी गळती घरातली, आणि तिच्याबद्दल बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटतो.

## 'मुलं आहेत ना आमची!'

मुलाला वाकडला फ्लॅट घ्यायचाय, वीस लाख कमी पडतायत. बाबांच्या खात्यात साठ पडून आहेत. मुलगा वाईट नसतो. त्याला फक्त बाबांचे साठ लाख संपत्ती वाटतात, आणि बहुधा बाबांनाही. अशा वेळी भावनेवर बोलण्यापेक्षा वरचा पंधरा वर्षांचा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडावा. साठातले वीस गेले तर धरण दहाव्या वर्षाच्या आत आटतं, आणि मग सत्तरीत दर महिन्याला त्याच मुलाकडे हात पसरावा लागतो. गृहकर्ज त्याला वीस वर्षांसाठी मिळतं. निवृत्तीसाठी कर्ज कुठलीही बँक देत नाही.

घराचंही तेच. 'आज ना उद्या तुझंच आहे' म्हणत हयातीतच बक्षीसपत्र करण्याची घाई नको. मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं, बक्षीसपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. करायचंच असेल तर आईवडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीचा २००७ चा कायदा अशा अटीचा भंग झाला तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची वाट ठेवतो, आणि हे प्रकरण दिवाणी कोर्टात नव्हे, प्रांत पातळीच्या न्यायाधिकरणापुढे चालतं.

जाता जाता, कोथरूड-एरंडवण्याच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी: पुनर्विकास आला की दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जावं लागतं आणि नव्या, मोठ्या घराचा मासिक देखभालखर्चही मोठा असतो. तो आकडा बिल्डरला सुरुवातीलाच विचारा.

## आजारपण

कंपनीचा गटविमा निवृत्तीबरोबर संपतो. तो संपण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो, आणि आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ त्यात मोजून मिळतो. हे शेवटच्या महिन्यात निरोपसमारंभाच्या गडबडीत राहून जातं. सहा महिने आधीच मनुष्यबळ विभागाला विचारा. नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून उरलेली नाही, आधीच्या आजारासाठी थांबावं लागतं ते जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

सत्तरी ओलांडली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, फक्त योजनेतल्या रुग्णालयांत. आपण ज्या रुग्णालयात जातो ते यादीत आहे का ते आजारी पडण्याआधी पाहून ठेवावं.

## सकाळी साडेनऊ वाजता

आता पैशांइतकीच एकदम हातात येणारी दुसरी गोष्ट. वेळ.

पस्तीस वर्षं कंपनीच्या बसची वेळ शरीरात बसलेली असते. पहिले काही महिने मजेत जातात: अष्टविनायक, कोकण, मुलीकडे बंगळुरू, माळ्यावरचं सामान. मग एका मंगळवारी साडेनऊ वाजता पेपर वाचून संपतो, चहा दोनदा झालेला असतो आणि पुढे काहीच नसतं. ही अवस्था बहुतेकांना येते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

घरात दुसरं माणूस असतं आणि त्याचा दिवस मात्र आधीच ठरलेला असतो. गृहिणीला निवृत्ती नाही. तिची भिशी, भजनी मंडळ, दुपारची दीड तासाची झोप, बहिणीचा फोन, हे सगळं नवऱ्याच्या गैरहजेरीत वर्षानुवर्षं बसवलेलं वेळापत्रक आहे. त्यात हा गृहस्थ अचानक दिवाणखान्यात येऊन बसतो, 'कुणाचा फोन होता?' विचारतो आणि फावल्या वेळात स्वयंपाकघरातले डबे 'नीट' लावून देतो. कित्येक घरांतली पहिल्या वर्षीची भांडणं इथूनच निघतात. माझं मत विचाराल तर निवृत्त नवऱ्याने रोजचं एखादं काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यावं, सकाळचा चहा-नाश्ता म्हणा किंवा भाजी, आणि रोज तीन-चार तास घराबाहेर असावं. 'मदत' करू नये, काम घ्यावं.

बाहेर जायचं कुठे? पुण्यात हा प्रश्न अवघड नाही. जवळजवळ प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. तळजाई आणि पर्वतीवर रोजचे ठरलेले गट आहेत. नगर वाचन मंदिर १८४८ पासून पुस्तकं देतंय. मात्र नुसतं 'कुठेतरी जाणं' टिकत नाही. जिथे आपण गेलो नाही तर कुणीतरी फोन करेल, अशी आठवड्यातून दोन-तीन ठिकाणं हवीत. (सोसायटीचं सेक्रेटरीपद हा यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा मार्ग. वर्षभरात निम्मी इमारत बोलायची बंद होते.)

आणि ज्यांना हातातलं काम येतं त्यांनी ते सोडू नये. भोसरीच्या लहान वर्कशॉपांना तीस वर्षं डाय-फिक्स्चर केलेला माणूस अर्धा दिवस मिळाला तरी हवा असतो. अर्धवेळ कामाचे महिन्याला १५,००० मिळाले आणि असं पाच वर्षं चाललं, तर ९ लाख रुपये पुंजीतून काढावे लागत नाहीत. पहिल्या पाच वर्षांत वाचलेलं पाणीच पुढे सर्वांत लांब पुरतं, कारण त्यावर व्याज चढत राहतं. साठ लाखांच्या हिशेबात जी पंधरा वर्षं निघाली होती, ती वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

कुणाकुणाचं मात्र नुसतं रिकामपण नसतं. झोप उडते, चिडचिड वाढते, आंघोळीचाही कंटाळा येतो, आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. घरचे 'रिटायर झालाय म्हणून' म्हणत सोडून देतात. तसं सोडू नये, डॉक्टरांना दाखवावं. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलते.

## हिशेब तिच्या वयाने

आतापर्यंत सगळी वर्षं आपण साठीच्या नवऱ्याची मोजली. पण बहुतेक घरांत बायको चार-पाच वर्षांनी लहान असते, आणि बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे ही पुंजी तो नव्वदचा होईपर्यंत नव्हे, ती नव्वदची होईपर्यंत पुरायला हवी. तो गेल्यावर ईपीएसची पेन्शन निम्मी होते. साडेचार हजारांचे सव्वादोन. वीज, देखभाल, मदतनीस, डॉक्टर यांचे खर्च काही निम्मे होत नाहीत.

त्यासाठी काही गोष्टी दोघांनी मिळून एका दुपारी उरकता येतात. बँक खाती संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं पत्नीसोबत संयुक्त असेल तर ती ते पुढे चालवू शकते. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. पण नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेतो. सोसायटीच्या सदनिकेलाही तेच लागू. मालकी द्यायची असेल तर मृत्युपत्र हवं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

पीएफचा पेन्शन क्रमांक, पॉलिसीचे कागद, ठेवींची यादी, मोबाइल उघडायचा आकडा आणि दर वर्षी हयातीचा दाखला कुठे, कसा द्यायचा, हे तिला आज माहीत आहे का, विचारून पाहा. बऱ्याच घरांत उत्तर 'ह्यांनाच ठाऊक' असं येतं. पुढचं ज्येष्ठ नागरिक बचत खातं उघडायला पोस्टात जाल तेव्हा तिला सोबत न्या आणि फॉर्म तिलाच भरू द्या.